सुलट दिसलेली माणसं

१

बहात्तरच्या दुष्काळात प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही आलं, तसं रामहरीच्या वाट्याला उलटं जग आलं. रोज सकाळी सहाला तो तिपाई रोवायचा, तिच्यावर पितळी दुर्बीण बसवायचा, तिच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा आणि एक डोळा मिटून दुसरा नळीला लावायचा. मग जमीन वर जायची, आभाळ खाली यायचं, आणि पाझर तलावाच्या कामावरची चारशे माणसं डोकी खाली, पाय वर अशी टोपल्या वाहायला लागायची.

ही दुर्बीण म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं यंत्र. ओव्हरसियर लोक तिला लेव्हल म्हणतात. जुन्या घडणीच्या लेव्हलमधून सगळं उलटंच दिसतं. ते सुलट करायचं तर आणखी भिंगं घालावी लागतात आणि प्रत्येक भिंग थोडा उजेड खातं. म्हणून शहाण्या माणसांनी भिंगं वाढवली नाहीत, पट्टीवरचे आकडेच उलटे छापले. रामहरीचा जोडीदार शहादेव ती चौदा फुटी पट्टी घेऊन लांब उभा राहायचा. नळीतून शहादेव उलटा आणि आकडे मात्र सुलट, असा तो संसार होता.

रामहरी सातवी पास. एका म्हाताऱ्या ओव्हरसियरच्या मागं तीन वर्षं पट्टी धरून तो हे शिकला होता. नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या गावात मजूर सहकारी संस्था निघाली तेव्हा लेव्हल लावता येणारा तो एकटाच, त्यामुळं वासरांत लंगडी गाय शहाणी ठरली. नवं माणूस कामावर आलं की त्याला एकदा नळीतून बघायची हौस असायची. पाणी वाटणाऱ्या आश्रुबानं पहिल्या दिवशी बघितलं आणि गंभीर तोंडानं म्हणाला, "आभाळ खाली हाय म्हंजी पाऊस वरच जात असंल. तरीच म्हणलं, येईना कावून."

तेव्हापासून चार दिवस सगळं काम त्यावर हसत होतं. हसायला दुसरं काही नव्हतंही.

२

चैत्रातल्या एका दुपारी वावटळ आली आणि तिपाई आडवी झाली. नळी वाचली, पण डोळ्याकडचं भिंग तडकलं.

वेळ वाईट होती. बांधाच्या पायासाठी दोन माणसांच्या उंचीएवढा खोल चर खणत आणला होता आणि सोमवारी इंजिनियर तपासायला येणार होते. चराची मापं तयार नसली तर काम दुसऱ्या गावाला जाईल, असं संस्थेच्या चेअरमननं, राधाकिशन अण्णांनी, बजावलं होतं. काम गेलं की कामावर मिळणारी खायची सुकडी गेली, आणि सुकडी गेली की गाव उठलं. रामहरी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अंबाजोगाईला गेला.

तिथं आसाराम म्हणून एक कारागीर होता. कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक, ओव्हरसियरांच्या लेव्हली, शाळांच्या दुर्बिणी, असं काचेचं जे म्हणून मोडेल ते त्याच्याकडं यायचं. त्यानं रामहरीची नळी फडक्यानं पुसली, पत्र्याच्या डब्यातून कापडात गुंडाळलेली तीन भिंगं काढली आणि दाराशी बसवून म्हणाला, "समोरच्या दुकानाची पाटी वाच."

पहिल्या भिंगातून पाटी वाचता आली, पण कडेची अक्षरं पिवळट, वाकडी. दुसरं धुरकट होतं. तिसरं लावलं आणि रामहरी नळीला चिकटूनच राहिला. पाटीवरच्या रंगाला गेलेली चीर दिसत होती. चिरेत बसलेली मुंगी दिसत होती.

"हेच द्या."

 आसारामनं ते भिंग परत हातात घेतलं.

"हे दुर्बिणीचं न्हवं. मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाचं हाय. बसतंय तुझ्या नळीत, पण त्याचं काम येगळं. दुर्बिणीचं भिंग लांबचं बघतं. ह्यानं जलमभर काचपट्टीवर ठिवलेलंच बघितलंय. रगत, मांस, थुंकी."

"मंग काय झालं?"

"काय न्हाई. भिंग निवडताना लई सुरेख दिसतंय त्याच्यावर भुलू नये, असं माझे वस्ताद म्हणायचे. मी असतो तर पिवळं घेतलं असतं."

"कावून पण?"

"कावून ते त्यांनी सांगितलं न्हाई, आन मीबी इचारलं न्हाई."

रामहरीला सोमवार दिसत होता. त्यानं तिसरं भिंग घेतलं. पिवळं भिंगही आसारामनं त्याच्या खिशात कोंबलंच. राहू दे म्हणाला, अडीनडीला.

३

नवं भिंग गुणी निघालं. पट्टीवरचे आकडे असे दिसत की शहादेवला "नीट धर" म्हणायची गरज पडेना. दोन दिवसांचं काम एका सकाळी उरकलं. रामहरीला आसारामचं हसू आलं. कारागीर माणूस, त्यानं थोडं गूढ बोललं नाही तर गिऱ्हाईकाला किंमत कशी कळणार.

गुरुवारी अकराच्या सुमारास त्यानं नळी चराच्या पलीकडच्या टोकावर फिरवली. शहादेव पट्टी धरून उलटा लटकत होता. त्याच्यामागं पाच-सहा बाया, तशाच उलट्या, टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. आणि त्यांच्यात आश्रुबा उभा होता.

आश्रुबा सुलट होता.

मुंडासं वर, पाय खाली. बाकीच्यांचे पाय वरच्या जमिनीला टेकलेले. आश्रुबाचं डोकं जमिनीला लागलेलं आणि पाय खालच्या आभाळात मोकळे. खांद्यावरची घागरही सुलट. तो पाचशे फुटांवर असताना त्याच्या पापणीवर साचलेलं घामाचं मीठ रामहरीला दिसत होतं. एवढ्या लांबचं मीठ कोणत्याच दुर्बिणीतून दिसायला नको होतं. तो काचपट्टीवर ठेवल्यासारखा, अगदी निश्चल, नळीच्या आत बघत होता.

रामहरीनं डोळा काढला. लांब चराच्या टोकाला आश्रुबा नेहमीसारखा बायांना पाणी वाटत होता. पुन्हा डोळा लावला. सुलटच.

"भिंगात दोष असंल," तो स्वतःशी म्हणाला. पण दोषाचीही रीत असते, हे त्याला ठाऊक होतं. भिंग एक तर सगळं उलटं दाखवील, नाहीतर सगळं सुलटं. गर्दीतून एक माणूस निवडून त्याला तेवढं सरळ उभं करील, असं भिंग कुणी घडवलेलं नाही. त्यानं भिंग काढून पुसलं, पुन्हा बसवलं. तोवर आश्रुबा बैलगाडीच्या आड गेला होता. आकडा वहीत लिहायचा राहिलाच.

४

आश्रुबा शुक्रवारी दुपारी गेला. घागर भरायला वाकला आणि उठला नाही. ऊन लागलं, सगळे म्हणाले. त्या चैत्रात ऊन कुणालाही लागू शकत होतं. रामहरीही तेच म्हणाला. अंत्यविधीहून आल्यावर तो बराच वेळ हात धूत बसला, शेवटी छबूबाईनं, त्याच्या बायकोनं, तांब्या काढून घेतला.

"पाणी काय फुकट हाय व्हय?"

शनिवारी सकाळी त्याला पाण्याच्या गाडीचा डावा बैल सुलट दिसला. शिंगं वर, खूर खाली आभाळात, आणि ओल्या नाकपुडीवर बसलेली एक माशी. उजवा बैल उलटा होता, गाडी उलटी होती, गाडीवान उलटा होता. संध्याकाळी डावा बैल बसला तो बसलाच. आता यात काय, दुष्काळात बैल मरणारच, असं रामहरी घरापर्यंतच्या वाटेवर स्वतःला समजावत होता. घर आलं तरी समजावणं संपलं नव्हतं.

त्यानं खिशातलं पिवळं भिंग काढून बघितलं. ते बसवलं तर? आकडे धुरकट येतील, मापं सोमवारपर्यंत व्हायची नाहीत. पण खरं कारण ते नव्हतं, आणि हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. भिंग बदललं तर कोण सुलट झालंय हे दिसणार नाही एवढंच. व्हायचं ते थांबेल, असं कुणी सांगितलं होतं?

"तुमचं काय बिनसलंय?" छबूबाईनं विचारलं. "आज नळी कुटंबी फिरीवता, माझ्याकडं कावून फिरवीत न्हाई? एरवी तर मलाच बघत बसता. बाया हासत्यात मला."

ते खरं होतं. त्यानं दोन दिवस तिच्यावर नळी नेली नव्हती. छबूबाई चराच्या टोळीत होती. खडी फोडणाऱ्या बायांना दिवसभर उन्हात बसावं लागे. चरात निदान सावली असे, म्हणून रामहरीनंच अण्णांच्या पाया पडून तिला तिथं घालून घेतलं होतं. दुपारची भाकरीही चराची टोळी तळाशी, भिंतीच्या सावलीला बसून खायची. साऱ्या माळावर दुसरी सावलीच नव्हती.

"काम लई हाय," तो म्हणाला.

५

रविवारीही काम चालू होतं. बाराला थोडा वेळ होता. शेवटची दोन मापं राहिली होती. चरात उतरायला मातीचा उतार ठेवला होता, त्या तोंडाशी शहादेव पट्टी घेऊन उभा राहिला. रामहरीनं नळी तिकडं नेली.

जेवायची सुट्टी झाली होती. बाया फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन एकीमागून एक उताराकडं चालल्या होत्या. नळीत एका वेळी तीन-चार माणसंच मावत. पहिली आली मंजुळाबाई, टोळीची मुकादमीण. उलटी. ती उतारापाशी थांबली आणि लेकराला पाजायला वाळक्या बाभळीकडं वळली. मग केसरबाई.

केसरबाई सुलट होती.

तिच्या मागची सुलट. तिच्या मागची सुलट. शहादेव आणि पट्टी उलटे लटकलेले, आणि त्यांच्यासमोरून सरळ उभ्या बायांची रांग, आभाळात पाय टाकत. प्रत्येकीचं डोकं वरच्या जमिनीला घासत होतं. जमिनीत थोडंसं रुतलेलंच, असं त्याला वाटलं. त्यानं नळी हलवली नाही.  रांग आपणहून पुढं सरकत होती. मग एका सुलट कपाळावरचं कुंकू दिसलं, कुंकवाखालचा गोंदणाचा हिरवा ठिपका दिसला, आणि ठिपक्याच्या वर केसांत अडकलेला मातीचा खडा. तो ठिपका रामहरीला अंधारातही सापडला असता.

छबूबाई थांबली आणि नळीच्या आत बघून हसली.

तिपाई केव्हा पडली हे त्याला कळलं नाही. तो धावत होता. काय सांगायचं? तुम्ही मला सरळ दिसताय म्हणून वर या? माणसं हसली असती आणि हसत हसत खाली जाऊन बसली असती. उतारापाशी पोचेपर्यंत त्याला एकच गोष्ट सुचली, जी त्याच्या तोंडून ऐकल्यावर कुणी हसलं नसतं.

"लेव्हल चुकलंय," तो चरात ओरडला. "चर खोटा हाय. समदे वर या. एक माणूस आत नको."

निम्म्या बाया तळाशी पोचल्या होत्या. केसरबाईनं फडकं सोडलंसुद्धा होतं. "भाकर तरी खाऊ द्या," ती म्हणाली.

"वर खा."

"वर ऊन हाय, दादा."

"असू दे ऊन. वर या म्हणतो ना."

छबूबाई नवऱ्याकडं बघत राहिली. चारचौघांत त्यानं असा आवाज कधी चढवला नव्हता. तिला लाज वाटली आणि थोडी भीतीही. तीच पहिली उठली. "चला गं," ती म्हणाली, "काय तरी हाय." तिच्यामागं कुरकुरत बाकीच्या निघाल्या, त्यांच्यामागं कुदळीवाले गडी. शेवटचा माणूस वर येताच रामहरीनं शहादेवच्या हातची पट्टी घेतली, उताराच्या तोंडावर आडवी धरली आणि तिच्यामागं उभा राहिला.

६

राधाकिशन अण्णा जीपमधून आले तेव्हा चराच्या टोळीची दीडशे माणसं माळावर उन्हात तापत होती.

"काय चुकलं?"

"लेव्हल, अण्णा."

"किती?"

"बघावं लागंल."

"उद्या इंजिनियर येणार आन आज तू बघणार?" अण्णांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "चार महिने समद्या गावानं तुझ्या आकड्यावर इस्वास ठिवून माती उपसली, बे. वही आन इकडं."

वही बघून त्यांना काय कळणार होतं, पण त्यांनी पानं उलटली. मग म्हणाले, "आकडं माझ्यावर सोड. बायामाणसं उन्हात मरतील. आधी त्यांना खाली सावलीला जाऊ दे."

"न्हाई."

"सर बाजूला."

"न्हाई सरणार, अण्णा. उद्यापासनं येऊ नको म्हणा, येत न्हाई. आज सरत न्हाई."

अण्णांच्या गावात त्यांना असं कुणी बोलत नसे. शहादेव खाली बघू लागला. छबूबाईनं तोंडात पदर कोंबला. चार महिन्यांत मिळवलेलं नाव रामहरीनं त्या एका दुपारी धुळीला मिळवलं होतं, आणि आता त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती. भिंती सरळ उभ्या होत्या. मुरूम कोरडा होता, वर काळी माती होती, कुठं चीर नव्हती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एका म्हातारीला भोवळ आली. आपण वेडे झालोय, त्यानं विचार केला, साधं सरळ वेड लागलंय, आणि आता बाजूला सरलं पाहिजे.

त्यानं पट्टी उचललीही. तेवढ्यात चरातून आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी दमून बसावं तसा एक उसासा, आणि मग पायाखाली हलकासा धक्का. पश्चिमेकडची अख्खी भिंत, जिच्या सावलीला टोळी बसायची ती, एकदम खाली बसली. समोरची भिंत तिच्यावर कलली. धूळ वर आली आणि बराच वेळ कुणाला कुणी दिसलं नाही.

धूळ विरली तेव्हा चराच्या जागी काळ्या ढेकळांचा सपाट पट्टा होता. मंजुळाबाई एकेकीचं नाव घेऊन हाका मारत होती आणि प्रत्येक हाकेला ओ येत होती. केसरबाई, ओ. सावित्रीबाई, ओ. छबू. छबूबाईनं हात वर केला.

एक माणूस कमी नव्हता.

अण्णा काठाशी उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि वही रामहरीच्या हातात परत दिली.

"लेव्हल चुकलंय म्हणलास ना?"

"व्हय."

"किती चुकलंय ते आता बघू नको," अण्णा म्हणाले. "चुकलंय तेवढं बरं हाय. इंजिनियरला मी सांगतो काय सांगायचं ते."

७

संध्याकाळी उन्हं कलल्यावर रामहरी पडलेली तिपाई उचलायला गेला. लेव्हल धडधाकट होती. भिंगावर ओरखडासुद्धा नव्हता. छबूबाई मागोमाग आली. एव्हाना त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, तुटक तुटक, आणि ती एकदाही हसली नव्हती.

"मला बघा आता," ती म्हणाली.

"नको."

"बघा. न्हाई तर मला झोप यायची न्हाई, आन तुमालाबी."

ती जाऊन खडीच्या ढिगापाशी उभी राहिली. त्यानं तिपाई रोवली, बुडबुडा मधोमध आणला. सवयीनं हात चालत होते म्हणून बरं. मग डोळा लावला.

छबूबाईचं डोकं खाली होतं आणि पाय वर होते. चेहरा लहान, नेहमीएवढा. कुंकू दिसत होतं, त्याखालचा ठिपका दिसत नव्हता. रामहरीला इतकं सुंदर उलटं माणूस जन्मात दिसलं नव्हतं. त्यानं सगळ्या माळावर नळी फिरवली. केसरबाई उलटी, शहादेव उलटा, मंजुळाबाई आणि तिच्या कडेवरचं लेकरू उलटं, जीपशेजारी अण्णाही उलटे. सगळं गाव जमिनीला पाय रोवून मजेत लटकत होतं. त्यानं डोळे पुसले आणि तिला ये म्हणून हात केला.

"बघितलं?" ती आली. "आता तुमी जा. मी बघते."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नळीच्या ह्या बाजूला कायम तोच. नव्या भिंगातून त्याला आजवर कुणीच बघितलेलं नव्हतं.

"राहू दे की छबू."

"जावा म्हणते ना."

तो टोपी सावरत खडीच्या ढिगाकडं चालू लागला. शंभर पावलं असतील, पण संपेनात. ढिगापाशी जाऊन तो वळला. लांबवर छबूबाई नळीवर वाकली होती, एक डोळा मिटायला जमेना म्हणून हातानं झाकत होती. तिनं डोळा लावला. काढला. पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. मग बराच वेळ ती हलली नाही.  हात कुठं ठेवावेत ते रामहरीला कळेना.

शेवटी तिनं मान वर केली. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की काय ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मग वाऱ्यावर तिचा आवाज आला, हसण्यानं मध्येच तुटत.

"आवं, टोपी धरा. पडंल की खाली आभाळात."

रामहरीनं दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली आणि खडीवर मटकन बसला.